गडीसरचा आगोर

जैसलमेरच्या गडीसर तळ्यावर मी पोहोचलो तेव्हा जानेवारी होता आणि तळं काठोकाठ भरलेलं होतं. पिवळ्या दगडाच्या छत्र्या पाण्यात उभ्या होत्या, पावाच्या तुकड्यांवर मिशीवाले मासे तुटून पडत होते. माण तालुक्यात वाढलेल्या माणसाला असं तळं दिसलं की आधी आनंद होतो, मग संशय येतो. वर्षाला जेमतेम २० सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे पाणी आलं कुठून?

तळं बघायचं तर आधी आगोर बघावा, हे मी अनुपम मिश्र यांच्या ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) या पुस्तकातून शिकलो. आगोर म्हणजे तळ्याकडे पाणी आणणारी जमीन, आपला पाणलोट. इथली जमीन खडकाळ, म्हणून थोडा पाऊसही न मुरता उताराने वाहतो. पाऊस कमी, पण तो गोळा करणारं अंगण मोठं, असा हा हिशेब. चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी त्या उताराला पाळ घातली. साधारण १९६५पर्यंत शहर हेच पाणी प्यायलं. जादाचं पाणी नेष्ट्यातून, म्हणजे सांडव्यातून, खालच्या तळ्यांत उतरे.

आगोर राखण्याची रीत कडक होती. तिथे जोडे घालून जायचं नाही, शौचाला बसायचं नाही. गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. त्या कामाला ‘ल्हास’ म्हणत. आगोरात घाण करणारा आपल्याच घागरीत घाण करत होता. तळ्याच्या वाटेवरची ‘टीलों की पोल’ ही कमान एका गणिकेने बांधली आणि ती कुणी पाडू नये म्हणून वर विष्णूचं देऊळ केलं, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं काहीही असो, पाण्याच्या वाटेवर आपलं काही असावं, यात केवढी प्रतिष्ठा होती हे त्यातून कळतं.

पुढे नळ आले. आज गडीसरमध्ये इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं. सतलज-बियासच्या संगमावरील हरिके बंधाऱ्यापासून शेकडो किलोमीटर चालून. माझ्या आईने टँकरमागे धावत घागरी भरल्या आहेत, त्यामुळे नळाचं मोल मला कुणी सांगायला नको. पण तळ्याच्या वरच्या अंगाला फिरताना मला रस्ते आणि बांधकामंच अधिक दिसली. तळं भरण्यासाठी आगोराची गरज उरली नाही, की ती नुसती मोकळी जागा होते. तळं भरलेलं असतं, म्हणून कुणाला काही हरवल्यासारखंही वाटत नाही.

आमच्याकडे पाऊस जैसलमेरच्या दुपटीहून जास्त. गावचा पाझर तलाव मात्र फेब्रुवारीतच कोरडा पडतो. परतल्यावर मी आयुष्यात प्रथमच त्याच्या वर, माळापर्यंत चालत गेलो. तलावाला येणारे दोन ओघळ नांगरून शेतात घेतलेले होते. त्यातलं एक शेत आमचंच होतं.