डांबर, मुरूम आणि चढ : एका सायकलीचा हिशेब

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणारा रस्ता डांबरी आहे. पण या दोन तालुक्यांतील पाड्यांवरून शाळेला येणाऱ्या अनेक मुलांची वाट डांबरावर सुरू होत नाही. आधी मुरुमाचा रस्ता, एखादा ओढा, एखादा चढ आणि मग डांबर. पावसाळ्यात चिखलाची भर. या दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालेल अशी एकच सायकल बनवायची, तर ती कशी असावी?

परदेशांत अशा सायकलीला ‘ग्रॅव्हल’ सायकल म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, गिअर हलके आणि ब्रेक जोरदार. आपल्या शहरांतही ती आता मिळते, पण महाग असते. तिच्या एकेका भागामागचे विज्ञान पाहिले, तर त्यातले गरजेचे काय आणि हौसेचे काय, हे आपले आपल्याला ठरवता येईल.

प्रथम टायर. समजा, विद्यार्थी ४५ किलो, सायकल २० किलो आणि दप्तर ५ किलो, असे एकूण ७० किलो वजन आहे. त्यातले सुमारे ४२ किलो मागच्या चाकावर येते. ट्यूबमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो असेल, तर टायर जमिनीला सुमारे १४ चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब २ किलो केला तर २१. जास्त टेकलेला टायर मुरुमात कमी रुततो आणि खडे अंगावर घेतो. मात्र अरुंद टायरमध्ये दाब कमी केला, तर दगडावर आपटून ट्यूब रिमशी चेपते व पंक्चर होते. म्हणून टायर रुंद हवा. येथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या काळ्या सायकलीचा २८ × १½ मापाचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. ग्रॅव्हल सायकलीचे बरेच टायर साधारण एवढेच असतात! म्हणजे ही बाजू आपल्याकडे आधीपासूनच आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. काळ्या सायकलीत बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. पायडलची एक फेरी झाली की मागच्या चाकाच्या २.४४ फेऱ्या होतात आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. क्रँक १६.५ सेंटिमीटरची धरली, तर तेवढ्यात पाऊल फक्त १.०४ मीटर फिरते. अंतर ५.२ पट, म्हणून जोरही ५.२ पट लागतो. आता शंभर मीटरला सहा मीटर असा मुरुमाचा चढ घेऊ. चढासाठी सुमारे ४१ न्यूटन आणि मुरुमाच्या विरोधासाठी सुमारे १४, असे ५५ न्यूटन बल चाकाशी हवे. पायडलवर सरासरी २८६ न्यूटन येतात. पण पाय सगळ्या फेरीत सारखा जोर लावू शकत नाही. पायडल आडवे असताना तो सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे जवळजवळ ४६ किलो वजनाइतका लागतो. मुलाचे सगळे वजन ४५ किलो! तो पायडलवर उभा राहिला तरी सायकल जेमतेम चालते. मूल उतरून सायकल ढकलते ते आळसाने नव्हे.

मागे १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले, तर हाच जोर सुमारे ३७ किलोवर येतो. साखळीत एक जोड वाढवावा लागतो आणि सपाटीवरचा वेग थोडा घटतो. गिअरच्या सायकलीत पुढे-मागे सारखेच दाते असलेली जोडी मिळाली, तर १९ किलो पुरतात. गिअरकडे शर्यतवाल्यांनीही फार काळ दुर्लक्ष केले. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला १९३७ साली परवानगी मिळाली. त्याआधी चढ आला की स्वार खाली उतरून मागचे चाक काढत आणि उलटे बसवत. त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत.

तिसरी गोष्ट ब्रेक. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी रिम भिजली की तिच्यावरचे रबराचे घर्षण कित्येक पटींनी कमी होते. पावसात उतारावर ही धोक्याची गोष्ट आहे. अ‍ॅल्युमिनिअमची रिम बरीच बरी. डिस्क ब्रेक त्याहून चांगला, कारण त्याची चकती चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी असते.

आता हँडल. खाली वाकल्याने हवेचा विरोध कमी होतो, हे खरे. पण ताशी १५ किलोमीटर वेगाला ताठ बसलेल्या स्वाराला हा विरोध जेमतेम ५ न्यूटन असतो. वर पाहिलेल्या चढाच्या ४१ न्यूटनांपुढे किरकोळ. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, तेव्हा वाकण्याला अर्थ येतो. वळलेल्या हँडलचा खरा फायदा लांबच्या प्रवासात आहे. हात तीन-चार ठिकाणी ठेवता येतात, त्यामुळे तळवे व मनगटे अवघडत नाहीत. जुन्या सायकलीवर ते बसवायचे असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हात बरेच पुढे जातात, म्हणून हँडलचा दांडा आखूड हवा. दोन, या हँडलच्या ब्रेकमुठी सहसा वायर कमी ओढतात. जास्त ओढीच्या ब्रेकला त्या जोडल्या, तर ब्रेक नीट लागत नाही. जोडी जुळत नसेल तर बदल करू नये.

म्हणजे आपल्या सायकलीचा क्रम असा लागतो : रुंद टायर आहेच, पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा हलक्या गिअरवर आणि हँडल सर्वांत शेवटी.

शाळेत हे करून पाहा. शाळेच्या वाटेवर एक मीटरची सरळ पट्टी चढाच्या दिशेने ठेवा. पाणी अर्धे भरलेली पारदर्शक बाटली तिच्यावर आडवी ठेवा आणि पट्टीचे खालचे टोक उचलून ती समतल करा. टोक जितके सेंटिमीटर उचलले, साधारण तितके टक्के चढ. मग प्रत्येकाच्या सायकलीचे दाते मोजून व स्वतःचे वजन घेऊन वरचे गणित मांडा. कोणता विद्यार्थी कोणत्या चढावर उतरेल, ते आधी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुले प्रत्यक्षात कोठे उतरतात, ते ताडून पाहा.