आधी नीट तोडायचं

जेसीबीचा दात केबलवर पडला की चालकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. मातीबरोबर एक काळी दोरी वर आली, एवढंच. इकडे मात्र टॉवर गप्प, बँकेची लाइन बंद, फोनवर फोन. आणि थोड्या वेळानं एक व्हॅन येऊन खड्ड्याशी उभी राहते. पुण्यात एका रात्री अशाच खड्ड्याच्या काठावर मी तीनेक तास उकिडवा बसलो होतो. ऑप्टिकल फायबर जोडतात म्हणजे वेल्डिंगसारखं काहीतरी बघायला मिळेल, अशी माझी समजूत. ठिणगी दिसली, नाही असं नाही. पण त्या तीन तासांतला बहुतेक वेळ गेला तो सोलण्यात, पुसण्यात आणि तोडण्यात.

केबलच्या काळ्या आवरणाखाली मधोमध एक कडक सळई असते. तिच्याभोवती नळ्या, नळ्यांत बोटांना सोडता न सोडणारी चिकट जेली, आणि त्या जेलीत बुडालेले रंगीत कोर. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी अ‍ॅक्वा. हा बारा रंगांचा क्रम जॉइंटरला पाढ्यासारखा पाठ असतो. असावाच लागतो, कारण टॉर्चच्या उजेडात करडा आणि पांढरा ओळखताना चूक झाली, तर सांधा उत्तम बसूनही एकाची लाइन दुसऱ्याच्या दारी जाते.

रंगाच्या लेपासकट कोरची जाडी पाव मिलिमीटर. स्ट्रिपरनं लेप सोलला की उरते 125 मायक्रॉनची उघडी काच, आणि त्या काचेतही प्रकाश धावतो तो मधल्या साधारण 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. डोक्याचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा धरा. म्हणजे केसाच्या आठव्या हिश्शाएवढे दोन ठिपके, रस्त्याकडेला, समोरासमोर आणायचे.

सोललेली काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली जाते. नीट पुसली गेली तर बोटांखाली बारीक ‘कुईं’ असा आवाज येतो. जॉइंटर तो आवाज ऐकूनच पुढे जातो. मग येतो क्लिव्हर. माझ्या मते या धंद्यातलं खरं यंत्र हेच, जरी मान सगळा शेजारच्या महागड्या मशीनला मिळत असला तरी. क्लिव्हर काच कापत नाही. फ्रेमच्या दुकानातला काचवाला हिऱ्याच्या कलमानं एक रेघ ओढतो आणि हलक्या हातानं काच मोडतो, तसंच हे. चाकासारखं गोल पातं काचेला नुसता ओरखडा काढतं, वरून दाब येतो आणि काच त्या रेघेवर सरळ तुटते. तुटलेलं तोंड काटकोनापासून एका अंशाहून जास्त कललेलं चालत नाही. पात्याची एक जागा बोथट झाली की ते किंचित फिरवून पुढच्या आकड्यावर आणायचं. नेहमीच्या पात्यावर असे 16 आकडे असतात. तुटलेल्या तोंडाला यानंतर कशाचाही स्पर्श नको. पुसायचं ते तोडण्याआधी, नंतर नाही.

“दादा, स्लीव्ह राहिली,” मदतनीस पोरगा हळूच म्हणाला. दादांनी मान हलवली आणि जोडलेला कोर पुन्हा तोडला. सांध्यावर चढवायची बारीक नळी, आत पोलादी काडी असलेली, आधीच कोरमध्ये ओवून ठेवावी लागते. मणी ओवायचा राहिला आणि गाठ मारून बसलं, तशी गत.

जोडण्याचं काम मशीनचं. फुजिकुरा, सुमितोमो ही त्यातली जुनी जपानी नावं. दोन टोकं खाचांत ठेवून झाकण लावलं की पडद्यावर ती खांबाएवढी जाड दिसतात आणि कुठे कपची उडाली असेल तर लपत नाही. मशीन आधी छोटी ठिणगी देऊन धूळ जाळतं, गाभ्याला गाभा जुळवतं, आणि दोन टंगस्टन इलेक्ट्रोडमधल्या आर्कनं काच वितळवून टोकं एकमेकांत किंचित ढकलतं. शेवटी सांधा ओढूनही पाहतं. सगळं दहाएक सेकंदांत. हवेचा दाब आणि दमटपणा बदलला की आर्कचा जोर बदलतो, म्हणून महाबळेश्वरच्या उंचीवर किंवा कोकणातल्या पावसात आधी कॅलिब्रेशन.

पडद्यावर आकडा येतो: 0.02 डेसिबेल. हा मशीनचा अंदाज, माप नव्हे. पण त्याचा अर्थ कळायला जरा मागे जावं लागतं. काचेतून दूरवर संदेश पाठवता येईल, फक्त किलोमीटरला होणारी घट 20 डेसिबेलपर्यंत आणा, असं चार्ल्स काव यांनी 1966 साली मांडलं. 20 डेसिबेल म्हणजे किलोमीटरअखेर शंभरातला एक हिस्सा प्रकाश शिल्लक. 1970 मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी ती मजल गाठली. 1979 मध्ये टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी देशातली पहिली फायबर लाइन सुरू झाली ती पुण्यातच. आज 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.2 डेसिबेलच्या आसपास घट होते. त्या हिशेबानं 0.05 चा सांधा म्हणजे पाव किलोमीटर जादा काच. आणि मध्ये तुकडा टाकावा लागला तर 48 कोरच्या केबलला सांधे होतात 96.

खरं माप घेतं ओटीडीआर. ते काचेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि मागे विखरून आलेल्या उजेडाच्या वेळेवरून अंतर काढतं. मात्र नळीत काच थोडी सैल, वळणं घेत असते आणि चेंबरांत केबलची वेटोळी ठेवलेली असतात. त्यामुळे यंत्र 2,140 मीटर म्हणालं म्हणून रस्त्यावर तितकंच मोजून खणणारा हमखास चुकीच्या जागी खणतो.

पहाटे दोनच्या सुमारास पलीकडच्या टोकाला फोन लागला.

“इकडून उणे 0.08 दाखवतंय. तिकडून घे.”

उणे घट, म्हणजे सांध्यात प्रकाश वाढला? तसं होत नाही. दोन वेगळ्या काचा जोडल्या की एक दुसरीपेक्षा जास्त उजेड मागे विखुरते आणि यंत्र फसतं. म्हणून दोन्हीकडून मोजून सरासरी.

“0.12,” तिकडून उत्तर आलं.

“म्हणजे 0.02. चल, बंद करू.”

कोर ट्रेमध्ये मोठ्या वळणानं गुंडाळले गेले, क्लोजर आवळलं गेलं. तोडलेल्या काचेचे तुकडे दादांनी चिकटपट्टीवर गोळा करून एका बाटलीत टाकले आणि बूच लावलं. चहा आला. कपाला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे टॉर्चखाली तिरपे धरले आणि कुठे काही चमकतंय का, ते एकेक बोट फिरवून पाहिलं.