खाऱ्या हवेतली धार
लेखांक सहावा : स्टेनलेसचा सुरा पारखताना

मागच्या आठवड्यात आपण घिसाड्याच्या भात्यापाशी थांबलो होतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो कोयता कसा घडवतो, तापल्या पात्याला पाणी कसं देतो, ते पाहिलं. कापण्याच्या कामात त्या कोयत्याला तोड नाही. पण रेवदंड्याच्या किंवा मुरुडच्या घरात तो ओला राहिला तर एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून किनाऱ्यावरची मंडळी स्टेनलेसकडे वळली. नामवंत कंपन्यांच्या सुऱ्या बहुतेक भाजी-फळांच्या बेताच्या. सुरमईचं डोकं फोडायला, दोर कापायला, शहाळं सोलायला जाड पात्याचा सुरा लागतो आणि तो बऱ्याचदा कुठल्यातरी छोट्या कारखान्याचा असतो, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. असा सुरा घ्यावा का?

खुशाल घ्यावा. मात्र गिऱ्हाईक दुकानात जो एकच प्रश्न विचारतं, ‘गंजणार नाही ना?’, त्यावर भिस्त ठेवून घेऊ नये. सुऱ्याचा जीव त्याच्या पाण्यात असतो, आणि स्टेनलेसला पाणी देणं हे साध्या पोलादाला पाणी देण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं, की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता, त्यातून सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं हे पोलाद सुऱ्यांपर्यंत पोचलं. शेफिल्ड हे सुऱ्यांचंच गाव, पण तिथल्या कारागिरांना सुरुवातीला हे पोलाद नीट घडवता येईना. न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा म्हणून ब्रिअर्लीची चेष्टाही झाली. शंभर वर्षं उलटली तरी छोट्या कारखान्याची अडचण तीच आहे.

साधं पोलाद आठशे अंशांच्या आसपास लाल झालं की लोहार नजरेने ओळखतो आणि बुडवतो. सुऱ्याचं स्टेनलेस हजार-साडेदहाशे अंशांपर्यंत न्यावं लागतं आणि तिथे काही वेळ धरून ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात कर्बाने बांधून ठेवलेलं क्रोमियम मोकळं होऊन पोलादभर पसरतं. भट्टी कमी तापली तर ते कर्बातच अडकून राहतं. मग पातं मऊ राहतं, शिवाय गंजतंही, कारण गंज अडवणारं क्रोमियम मोकळं झालेलंच नसतं. ‘स्टेनलेस म्हणून घेतलं आणि ठिपके पडले’ ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. त्यात दोष दर वेळी पोलादाचा नसतो, पुष्कळदा भट्टीचा असतो. नजरेच्या अंदाजाने हे काम होत नाही. म्हणून छोट्या कारागिराला पहिला प्रश्न विचारावा तो हा : पाणी कुठे आणि कोणत्या भट्टीत दिलं?

आता चुंबक. भांडी घेताना चुंबक लावून बघायची सवय आपल्या घराघरांत आहे; चिकटलं तर स्टील हलकं, असा हिशेब. सुऱ्याला हा हिशेब नेमका उलटा लावायचा. भांड्यांचं चांगलं स्टील म्हणजे ३०४, त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. गंजाला ते चिवट असतं, पण पाणी देऊन कडक होत नाही. होड्यांच्या सामानाला वापरतात ते ३१६ समुद्राला त्याहून चांगलं तोंड देतं, पण तेही कडक होत नाही. सुऱ्याला लागतं ते ४२० किंवा ४४० जातीचं पोलाद, आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतं. सुऱ्याच्या पात्याला चुंबक चिकटलंच नाही तर बहुधा भांड्याचा पत्रा घासून धार काढलेली आहे, असं समजावं. असा सुरा गंजणार नाही, पण दोन सुरमया चिरल्या की बोथट होईल. दुकानदार ‘सर्जिकल स्टील’ म्हणाला तर त्यावरून काहीच कळत नाही. त्या नावाची ठरलेली जात नाही. क्रमांक विचारावा.

साचे बनवायला वापरतात ते डी-२ हे पोलादही अलीकडे छोट्या कारागिरांकडे दिसतं. त्यात सुमारे बारा टक्के क्रोमियम असतं, म्हणून काही जण ते स्टेनलेस सांगून विकतात. पण त्यात कर्ब दीड टक्का, आणि तो बरंच क्रोमियम बांधून ठेवतो. धार उत्तम टिकते, पण श्रीवर्धनच्या पावसाळ्यात त्याला डाग पडणारच. पुण्यात बसून हा सुरा वापरणाऱ्याचं कौतुक किनाऱ्यावरच्या माणसाने तसंच्या तसं मानू नये.

सध्या माझ्याकडे अशाच एका अपरिचित कारखान्याचे दोन नग आहेत : मासळीचा लांब सुरा आणि जाड पाठीचा आखूड कोयता. कारखानदाराने विचारताच पोलाद ४२० जातीचं, कडकपणा रॉकवेल ५४ ते ५६, पाणी बाहेरच्या व्हॅक्यूम भट्टीत, असं थेट सांगितलं. रॉकवेलच्या या मापात हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भाराने पोलादात दाबतात आणि तो किती रुततो ते मोजतात. भाजीच्या महागड्या जपानी सुऱ्या साठच्या वर असतात, पण त्या हाडावर आपटल्या की धारेचे तुकडे उडतात. दणक्याच्या कामाला पंचावन्नच्या आगेमागे बरं. सांगितलेला आकडा खरा का, हे घरी कानशीने अजमावता येतं. धारेमागच्या भागावर कानस हलकेच फिरवावी. लोण्यासारखी रुतली तर पातं मऊ. थोडं चाळवून घसरली तर ठीक.

खरी परीक्षा काथ्याच्या दोराची. काथ्यात वाळू आणि मीठ अडकलेलं असतं, धार त्याने झपाट्याने मरते. लांब सुऱ्याने जुन्या काथ्याचे तुकडे पाडत गेलो आणि मधूनमधून धार उन्हात धरून पाहिली. चांगल्या धारेवर उजेड थांबत नाही. जिथे धार वळली तिथे चकचकीत रेघ दिसते. पात्याच्या मध्यावर अशी रेघ आली, पण एकही खवला उडाला नाही. सहाणेवर थोडं फिरवताच ती गेलीही. हे वळणं आणि पुन्हा सरळ होणं दणक्याच्या सुऱ्याला शोभतं. टोकाजवळ मात्र धार लवकर बसली. तिथे नीट पाहिलं तर पिवळसर-निळी झाक होती : ग्राइंडरवर पाण्याविना घासताना टोक तापलं आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. पोलाद चांगलं, भट्टी चांगली, आणि शेवटच्या घाईत माती झाली. असं दिसलं तर सुरा परत करावा.

थळच्या एका मासळीवाल्या मावशींना तो सुरा वापरायला दिला. त्यांचं म्हणणं एवढंच, ‘धार लगेच येते, पन टिकत नाय.’ त्या दगडावर दर थोड्या वेळाने धार लावतात, म्हणून लगेच येणारी धार त्यांच्या कामाला पुरते. होडीवरच्या माणसालाही तेच हवं. कठीण ४४०सीच्या पात्याला धार लावायला हिऱ्याची पट्टी नाहीतर बराच वेळ लागतो. भरसमुद्रात दोन्ही नसतं.

कोयत्याची कथा वेगळी. त्याला खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, वर आमसुलाचं पाणीही शिंपडलं. पात्याचा चकचकीत भाग स्वच्छ राहिला. पण मूठ काढल्याशिवाय स्टेनलेसची खरी अवस्था कळत नाही. रिव्हेट ठोकून मूठ काढली तेव्हा लाकडाखाली तपकिरी ओघळ होते आणि एका भोकाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्यातलं क्लोराइड संरक्षक थर जागोजागी फोडतं. उघड्या पात्यावर हवा लागून थर पुन्हा भरतो. मुठीखालच्या फटीत मीठ साचतं, हवा पोचत नाही, आणि गंज आतल्या आत पोखरतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुरे असे न धुता पडून राहतात, तेव्हा नारळी पौर्णिमेला पातं वरून नवं दिसतं आणि एखाद्या दणक्यात मुठीपाशी मोडतं.

म्हणून दणक्याचा सुरा घेताना मुठीकडे पात्याइतकंच लक्ष द्यावं. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असावं. लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये नखही जाऊ नये. पोकळ, प्लास्टिकची मूठ वरून चढवलेली असेल तर मी तो सुरा हातातही घेत नाही. वापरून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवावा, पुसून सावलीत ठेवावा, आणि पावसाळ्याआधी फटीत खोबरेल सोडावं. स्टेनलेसलाही हे लागतं, दुकानदार काहीही म्हणो.

त्या कारखानदाराला टोकाची झाक आणि मुठीखालचे खड्डे दोन्ही कळवले आहेत. पुढच्या नगांवर मूठ राळेने बसवून देतो, असं तो म्हणाला आहे. ते नग आले की त्यांचीही हीच परीक्षा होईल. तोवर त्याचा लांब सुरा टोक तपासून घ्यायला हरकत नाही. कोयता आत्ताच घेऊ नये. पुढच्या आठवड्यात बाभूळ, शिसव आणि राळ : मुठीचं लाकूड खाऱ्या हवेत कसं टिकतं ते पाहू.