पेशंट बघायला जाताना

म्हसळ्यात कुणाला ग्रामीण रुग्णालयात ठेवलं की संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी खाटेभोवती जमते. माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात हलवलं तर घोणसे घाटातून गाड्या निघतात, आणि मुंबईला नेलं तर तिथले चाकरमानी कामावरून परस्पर वॉर्डात पोचतात. मोहल्ल्यात अयादतीला, म्हणजे आजाऱ्याच्या भेटीला जाणं हे पुण्याचं काम मानतात. शेजारी दवाखान्यात आणि आपण घरी बसलोय, हे कोकणात कुणालाच बरं दिसत नाही.

डॉक्टर आणि सिस्टर मात्र या गर्दीवर वैतागतात. माणसं येतात ती जंतू घेऊनच, हे खरंच आहे. पण इटलीतल्या फ्लोरेन्सच्या डॉक्टरांनी हीच गोष्ट अतिदक्षता विभागात तपासून पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २२६ रुग्ण होते. दोन महिने कडक नियम: दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास. पुढचे दोन महिने मोकळीक: कधी आणि किती वेळ, ते रुग्णानं ठरवायचं. असं आलटून पालटून चाललं. मोकळिकीच्या काळात विभागातले जंतू वाढले, अगदी अपेक्षेप्रमाणे. जंतुसंसर्गाचे त्रास मात्र वाढले नाहीत. उलट हृदयाच्या आणि रक्ताभिसरणाच्या गुंतागुंती कडक नियमांच्या काळातच दुपटीनं दिसल्या! आपलं माणूस शेजारी बसलं की काळीज खरोखरच सावरतं की काय? प्रयोग छोटा होता, त्यावरून सगळंच सिद्ध झालं असं नाही. आणि एक बाब आपल्याकडच्यांनी नीट वाचावी: दोन्ही वेळा खाटेजवळ एका वेळी एकच माणूस होता. वाडी नव्हे.

जंतू वाढूनही आजार का वाढले नसतील? याचं एक कारण असं की जंतू नुसता खोलीत असून भागत नाही, त्याला शरीरात शिरायची वाट लागते. म्हसळ्याच्या स्टँडवर श्रीवर्धनच्या गाडीत बसलात तर माणगाव येणार नाही. जंतूंच्याही गाड्या अशाच ठरलेल्या असतात.

सर्वांत वर्दळीची गाडी म्हणजे आपला हात. व्हिएन्नाच्या इस्पितळातल्या एका प्रसूती विभागात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या अठराएक बाळंतिणी दगावत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जूनपर्यंत तो आकडा दोनाच्या आसपास आला. जंतू म्हणजे काय हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. आज वॉर्डाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली असते. तिची गंमत अशी की निव्वळ अल्कोहोलपेक्षा थोडं पाणी मिसळलेलं अल्कोहोल जंतूंना जास्त मारतं, कारण त्यांची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं. ते हातावर वीस-तीस सेकंद, सुकेपर्यंत चोळायचं. पेशंटला जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच हवं. जुलाबाचे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत. आणि सलाईनच्या सुईला, लघवीच्या नळीला हात लावायचा नाही. ती शरीरात जायची उघडी दारंच.

पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटजवळ जायला लोक कचरतात. हात धरा, कपाळावर हात ठेवा, काही होत नाही. त्या विषाणूला डासच लागतो. पेशंटला चावलेल्या डासाच्या अंगात विषाणू वाढायला आठ-दहा दिवस जातात, मग तो दुसऱ्याला आजार देतो. म्हणजे तापाच्या दिवसांत पेशंटभोवती लावलेली मच्छरदाणी पेशंटपेक्षा तुमच्या-आमच्यासाठीच असते!

क्षयाची गाडी हवेतून जाते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीनं वर नेऊन गिनीपिगांच्या खोलीत सोडली. त्या प्राण्यांनी रुग्ण पाहिलेही नव्हते, तरी एकेक करून त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन ज्यांना दिली, ते गिनीपिग मात्र वाचले. पुढे पेरूमधल्या लिमा शहरातल्या इस्पितळांत मोजमाप झालं, तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हवा सर्वांत जास्त खेळती निघाली. म्हणून खोकणाऱ्या पेशंटजवळ बसायचं तर खिडकी उघडी ठेवून, दोघांनी मास्क लावून, आणि थोडाच वेळ.

स्वतःला सर्दी-ताप असेल तर भेट फोनवरच उरकावी. फ्लू तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरू लागतो, त्यामुळे घरात कुणी आजारी असेल तरी दोन दिवस थांबलेलं बरं. लहान मुलांना शक्यतो घरीच ठेवावं.

राहता राहिलं शहाळं. ते निर्धोक असतं अशी आपली ठाम समजूत. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकतं. मूत्रपिंड अधू झालं असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका बिघडवतं. तेव्हा शहाळं घेऊन गेलात तर फोडण्याआधी सिस्टरना एकदा विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर बरोबरच्या माणसाला प्यायला द्या. रात्रभर जागून त्याचाही घसा कोरडा पडलेला असतो.