मांजरेपलीकडचा पुरावा

केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या आसपासच्या मुलुखातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांतील स्त्रियांच्या आरोग्याची दुरवस्था 2019 साली शासकीय समितीच्या पाहणीने उघड केली. बीड जिल्ह्यातील ज्या 82,309 ऊसतोड स्त्रियांची माहिती तेव्हा घेण्यात आली, त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये दहा वर्षांच्या अवधीत काढून टाकण्यात आली होती. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती दाखविण्यात आली आणि त्या भीतीपोटी त्यांनी शस्त्रक्रियेस संमती दिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत ही भीती खरी की खोटी, याचा निवाडा करण्यास मदत करणारी एचपीव्ही विषाणूची परीक्षा वैद्यकशास्त्रापाशी आहे. आणि तिचा भक्कम पुरावा मांजरा नदीपलीकडच्या शेजारच्याच जिल्ह्यात सिद्ध झालेला आहे, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरावर चालते. परंतु जेथे रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, तेथे दप्तर तरी काय बोलणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लक्षणे समजावून सांगू लागले आणि संशय येताच तपासणीसाठी बार्शीस येण्याची विनवणी करू लागले. परिणामी गर्भाशयमुखाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असतानाच येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, असे या मंडळींनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले.

याच पायावर 1999 साली तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा एक विशाल प्रयोग उभा राहिला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात एकत्र आल्या आणि खर्चाचा भार गेट्स प्रतिष्ठानाने उचलला. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गावांचे 52 समूह आणि चार गट अशी त्याची रचना होती. या कर्करोगाच्या मुळाशी असलेला एचपीव्ही विषाणू काहींच्या शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यामुळे पेशी बिघडण्यापूर्वीच त्याचा माग काढता येतो. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या, जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या गटात 64. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या त्या गटाला चाचणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, हा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि माझ्या मते तो दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही. पुरावा हाती आल्यानंतर कोणत्याही नव्या अभ्यासात एकाही स्त्रीला चाचणीपासून वंचित ठेवता कामा नये.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परदेशातून मोठी रक्कम आली ती शेवटी. बारा वर्षांची चिकाटीची, अल्पखर्ची नोंदणी आधी झाली नसती, तर गावोगावचे रोगी आणि मृत्यू मोजण्याची पद्धत व विश्वासू माणसे त्या रकमेला कोठून मिळाली असती? प्रारंभिक निधीचे मोल हेच आहे. नोंदणीचे हे जाळे आता बीडपर्यंत आले असून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात उस्मानाबाद व बीड यांचे आकडे एकत्र दिलेले आहेत.

तेव्हा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, बार्शीचे रुग्णालय आणि बीडचा जिल्हा आरोग्य विभाग यांनी मिळून एका केज तालुक्यापुरता दोन वर्षांचा पथदर्शी अभ्यास हाती घ्यावा. ऊसतोड स्त्रिया पावसाळ्यात गावी असतात. त्याच काळात त्यांना एचपीव्ही चाचणीसाठी स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची सोय द्यावी, आणि टोळी निघण्यापूर्वी निकाल व गरज असल्यास उपचारही त्यांच्या पदरात पडावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आणि राज्य शासनाने अशा संयुक्त दरखास्तीस येत्या अंदाजपत्रकात मंजुरी द्यावी, आणि या भागातील लोकप्रतिनिधींनी ती मिळेपर्यंत तिचा पाठपुरावा करावा.