बैलाचा खांदा आणि जू

सांगोला, मंगळवेढा भागातील खिलार बैल ओढकामास प्रसिद्ध आहे. माणसाचा खांदा छातीशी जोडणारे आडवे हाड बैलास नसते. त्याचे फरे केवळ स्नायूंनी बरगड्यांशी बांधलेले असतात. जू वशिंडापुढे मानेवर बसते व ओढताना वशिंडावर रेटते. म्हणजे ओढीचा ताण कातडी व मांसावरच येतो. जू अरुंद, खडबडीत असल्यास किंवा जोडी उंचीने विषम असल्यास खांदेसूज होते. यास्तव जू रुंद व गुळगुळीत असावे. औत सोडताच खांदा हाताने चाचपावा. सूज आढळल्यास बैल जुंपू नये; थंड पाण्याच्या घड्या ठेवून पशुवैद्यकास दाखवावे. दुखावलेला खांदा तसाच जुंपल्यास ऐन ज्वारीच्या पेरणीत बैल बसतो. खांदेमळणी पोळ्यापुरती न ठेवता खांद्याची निगा वर्षभर राखावी.