ब्रोडी, ब्रूझर

(१८ जून १९४६–१७ जुलै १९८८). अमेरिकन व्यावसायिक मल्ल. मूळ नाव फ्रँक डॉनल्ड गुडिश. जन्म मिशिगन राज्यातील डिट्रॉइट येथे. कोणत्याही एका संस्थेशी कायमचे बांधून न घेता ठराविक मुदतीच्या बोलीवर निरनिराळ्या आखाड्यांत कुस्त्या करणारा स्वतंत्र मल्ल म्हणून तो अमेरिका, जपान व प्वेर्त रीको येथे प्रसिद्धीस आला. प्वेर्त रीकोमधील बायामोन येथे कुस्त्यांच्या मैदानातच झालेल्या चाकूहल्ल्यात वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

मिशिगनमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर आयोवा स्टेट व वेस्ट टेक्सस स्टेट या विद्यापीठांत तो अमेरिकन फुटबॉल खेळला. यांपैकी दुसरे विद्यापीठ व्यावसायिक मल्लांची खाणच म्हणावे लागेल. डोरी फंक (कनिष्ठ), टेरी फंक, डस्टी ऱ्होड्स, स्टॅन हॅन्सन हे सर्व तेथलेच. शिक्षणानंतर काही काळ तो सॅन अँटोनिओ येथे फुटबॉल खेळला व वृत्तपत्रांत क्रीडाविषयक लेखनही त्याने केले. पुढे डॅलस येथील मल्ल व ठेकेदार फ्रिट्झ फॉन एरिक याच्या हाताखाली शिकून १९७३ मध्ये तो व्यावसायिक आखाड्यात उतरला.

ब्रोडीच्या कारकीर्दीचे स्वरूप लक्षात येण्यासाठी अमेरिकन व्यावसायिक कुस्तीची घडण प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील तालमींत निकाली कुस्ती आणि संगनमताने झालेली नुरा कुस्ती असा स्पष्ट भेद केला जातो व नुरा कुस्ती करणाऱ्याची सर्वत्र नाचक्की होते. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती मात्र १९२० नंतरच्या काळात जवळजवळ संपूर्णपणे पूर्वनियोजित झाली. जय कोणाचा, पराजय कोणाचा व तो कशा रीतीने, हे ठेकेदार अथवा त्याने नेमलेला नियोजक आधीच ठरवीत असे. या नियोजकास तिकडे ‘बुकर’ म्हणतात. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग, किंगकाँग आदी मल्लांच्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या प्रकाराची कल्पना आहे. निकाल ठरलेला असला, तरी आपटण्याचे आघात, मोडलेली हाडे आणि फुटलेली कपाळे खरी असतात. बिदागीही खरी असते आणि ती मिळेल की नाही, ही चिंताही.

१९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे ठेकेदारांनी ‘नॅशनल रेस्लिंग अलायन्स’ ही संघटना स्थापन केली आणि देशाची इलाख्यांत वाटणी करून घेतली. प्रत्येक इलाख्यात एकाच ठेकेदाराची सत्ता चाले व एकमेकांच्या हद्दीत कोणी मैदान भरवू नये, असा संकेत होता. एखाद्या ठेकेदाराचे मन मोडणाऱ्या मल्लाचे नाव काळ्या यादीत घालून त्याला इतरत्रही काम मिळू न देण्याची प्रथा इतकी रूढ झाली, की १९५६ मध्ये केंद्रीय न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कारवाई करून संघटनेकडून ती बंद करण्याची लेखी हमी घेतली. व्यवहारात इलाख्यांची पद्धत त्यानंतरही सुमारे तीन दशके चालू राहिली. मल्लांना पगार, विमा, निवृत्तिवेतन यांपैकी काहीच नव्हते. त्यांची संघटनाही नव्हती. प्रेक्षागारात किती लोक आले, हे ठेकेदार सांगेल तेच खरे आणि वाट्याला येईल ती बिदागी मुकाट्याने घ्यायची, असा शिरस्ता होता.

या व्यवस्थेत परक्या मल्लाचा उपयोग ठरलेला होता. बाहेरून आलेल्या अक्राळविक्राळ मल्लाने स्थानिक मल्लांना काही आठवडे लोळवावे आणि शेवटी इलाख्याच्या लाडक्या नायकाकडून चीतपट होऊन निघून जावे. अशा रीतीने पाहुण्याचा दरारा नायकाच्या पदरात पडे व पाहुणा पुढच्या इलाख्यात नव्याने सुरुवात करी. ब्रोडीने हे गणित उलट बाजूने मांडले. मासिके व दूरचित्रवाणी यांमुळे पराभवाची वार्ता आता पुढच्या गावी आधीच पोहोचते. दरारा हेच आपले भांडवल असल्याने ते दर गावी वाटत सुटलो, तर आपल्याजवळ विकण्यास काही उरणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून सरळ पराभव पत्करण्यास तो सहसा तयार नसे. त्याच्या असंख्य लढतींचा शेवट दोघेही रिंगणाबाहेर मोजले जाणे, दोघेही बाद होणे अथवा एकूणच गोंधळ माजणे असा होई. ठरलेली रक्कम हाती आली नाही, तर तो कपडे बदलून चालता होई. त्याला ‘बेभरवशाचा’ म्हणणारे ठेकेदार त्यामुळेच पुष्कळ आढळतात. मात्र यांपैकी अनेकांनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावले, ही गोष्ट त्याचे गणित चुकले नव्हते हेच दर्शविते.

सुमारे दोन मीटर उंची, सुमारे १३५ किग्रॅ. वजन, विस्कटलेले लांब केस व दाढी, केसाळ कातड्याचे बूट आणि हातात गरगर फिरणारी लोखंडी साखळी, असे त्याचे रूप असे. प्रवेश करतानाच तो प्रेक्षकांत घुसून भुंकल्यासारखे आवाज काढी व लोक खुर्च्या सोडून पळत. शास्त्रशुद्ध डावपेचांपेक्षा मारामारीवर त्याचा भर होता. तथापि एवढ्या देहाच्या मानाने त्याची चपळाई व दम विलक्षण होता. सेंट लूइस येथे फेब्रुवारी १९८३ मध्ये तत्कालीन जगज्जेता रिक फ्लेअर याच्याशी त्याने एक तासाची बरोबरीची लढत दिली. धावत येऊन उंच उडी मारून गुडघा प्रतिस्पर्ध्यावर टाकणे हा त्याचा हुकमी डाव होता. खाजगी जीवनात तो वाचनप्रिय, हिशेबी व मितभाषी होता, असे त्याचे सहकारी सांगतात. जपानी पत्रकारांनी त्याला ‘बुद्धिमान राक्षस’ असे नाव दिले होते.

प्रारंभीच्या काळात हॅन्सनच्या जोडीने त्याने ओक्लाहोमा–लुइझिअ‍ॅना भागात जोडीच्या कुस्तीचा किताब मिळविला (१९७४). १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड वाइड रेस्लिंग फेडरेशन’ने त्याला बोलाविले. ब्रूझर ब्रोडी हे नाव त्याला तेथेच मिळाले व मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अजिंक्यवीर ब्रूनो सामार्टीनो याच्याविरुद्ध त्याच्या लढती गाजल्या. त्यानंतर टेक्सस, कॅन्सस, मिसूरी, फ्लॉरिडा अशी त्याची भटकंती चालू राहिली. कपाळे रक्तबंबाळ करणाऱ्या अब्दुल्ला द बुचर याच्याशी तर तो वारंवार झुंजला.

त्याची खरी बाजारपेठ जपान ही होती. तेथे दोन संस्था एकमेकींच्या कट्टर स्पर्धक होत्या : जायंट बाबाची ‘ऑल जपान’ व अंतोनिओ इनोकीची ‘न्यू जपान’, दोन्ही १९७२ मध्ये स्थापन झालेल्या. (कराची येथे १९७६ मध्ये अक्रम पहिलवानाबरोबर झालेल्या लढतीमुळे इनोकीचे नाव आपल्याकडील कुस्तीशौकिनांस परिचित आहे.) परदेशी मल्ल ही तेथील प्रमुख आकर्षणाची बाब असल्याने दोन्ही संस्थांत त्यांच्यासाठी चढाओढ होती आणि दोन गिऱ्हाइके असणे स्वतंत्र मल्लाला किती लाभदायक असते, हे ब्रोडी पूर्णपणे जाणून होता. १९७९ मध्ये तो प्रथम ऑल जपानच्या दौऱ्यावर गेला. १९८१ मध्ये डोरी फंक (कनिष्ठ) यास हरवून त्याने ‘इंटरनॅशनल’ किताबाचा पट्टा जिंकला. हा पट्टा त्याने एकूण तीन वेळा मिळविला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जिमी स्नूका याच्या जोडीने त्याने जोड्यांची साखळी स्पर्धा जिंकली. अंतिम लढतीच्या वेळी न्यू जपानचा मोहरा असलेला हॅन्सन अकस्मात या जोडीबरोबर प्रेक्षागारात अवतरला आणि दोन संस्थांमधील मल्लांची पळवापळवी उघड दिसून आली. पुढे हॅन्सन व ब्रोडी ही जोडी जपानमध्ये जवळजवळ अजिंक्य मानली गेली. १९८३ ची साखळी स्पर्धा त्यांनी जिंकली आणि १९८४ मध्ये जोडीचा जागतिक पट्टाही पटकाविला.

वैभवाच्या या शिखरावर असताना मार्च १९८५ मध्ये ब्रोडी न्यू जपानकडे गेला. एप्रिलमध्ये टोकिओच्या र्‍योगोकु सभागारात त्याची व इनोकीची पहिली लढत झाली. ती अपेक्षेप्रमाणे अनिर्णित राहिली. त्या वर्षभरात दोघे अनेकदा भिडले. पण ना इनोकी हरावयास तयार, ना ब्रोडी. डिसेंबरमध्ये जोड्यांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीस ब्रोडी व स्नूका गेलेच नाहीत. जाहीर झालेली लढत परक्या मल्लाने अशी सोडून जावी, हा जपानी व्यवसायात मोठाच अपराध होता. तरीही पुढील वर्षी समेट झाला व सप्टेंबर १९८६ मध्ये ओसाका येथे इनोकीबरोबर त्याची साठ मिनिटांची बरोबरी झाली. ही त्यांची सर्वांत उत्तम लढत मानली जाते. संबंध पुन्हा तुटले. १९८७ च्या उत्तरार्धात बाबाने त्याला परत घेतले आणि मार्च १९८८ मध्ये त्याने जंबो त्सुरुता याचा पराभव करून आपला जुना पट्टा पुन्हा मिळविला. तीनच आठवड्यांनी तो त्याने त्सुरुतालाच दिला. ऑल जपानमध्ये किताबाच्या लढतींत त्याने स्पष्ट पराभव स्वीकारले, हे येथे नोंदविले पाहिजे. बाबा पैशाच्या शब्दाला पक्का होता आणि जेथे शब्द पाळला जाई, तेथे ब्रोडीही हरत असे. त्याच्या आडमुठेपणाविषयीच्या कथा वाचताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

त्याच्या स्वभावाची दुसरी बाजूही आहे. जानेवारी १९८७ मध्ये फ्लॉरिडातील लेकलंड येथे लेक्स लूगर या तरुण, पिळदार परंतु अननुभवी मल्लाशी त्याची लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात लढत होती. ती चालू असताना ब्रोडीने मध्येच सहकार्य थांबविले. लूगरचे ठोसे अंगावर घेऊन तो नुसता उभा राहिला. भांबावलेला लूगर अखेर पिंजरा चढून बाहेर पडला. संगनमतावर उभ्या असलेल्या या खेळात एकाने अंग काढून घेतले, तर दुसऱ्याची काय अवस्था होते, याचे हे चित्रफितीवर राहिलेले दुर्मीळ उदाहरण आहे. त्यात ब्रोडीचा दरारा दिसतो. न्याय दिसत नाही.

दरम्यान अमेरिकेतील चित्र पालटत होते. केबल दूरचित्रवाणीच्या आधारे १९८४ पासून व्हिन्सेंट मॅक्‌मॅन (कनिष्ठ) याच्या ‘वर्ल्ड रेस्लिंग फेडरेशन’ने इलाख्यांच्या सीमा मोडून काढल्या. लहान ठेकेदार एकामागून एक बुडू लागले आणि स्वतंत्र मल्लास दारोदार फिरून किंमत वाढविण्यासाठी दारेच कमी उरली. जे थोडे इलाखे तगून होते, त्यांत प्वेर्त रीकोमधील कार्लोस कोलोन याची ‘वर्ल्ड रेस्लिंग कौन्सिल’ ही संस्था होती. कोलोन व ब्रोडी यांच्या रक्तरंजित लढतींना तेथे मोठी गर्दी होत असे.

१६ जुलै १९८८ रोजी बायामोन येथील हुआन रामोन लूब्रिएल क्रीडांगणावर मैदान होते. लढती सुरू होण्यापूर्वी होसे वेर्तास गोन्साल्येस याने ब्रोडीला बोलण्यासाठी स्नानगृहात बोलाविले. गोन्साल्येस हा ‘इन्व्हेडर’ या नावाने लढणारा मल्ल असून संस्थेच्या लढतींचे नियोजनही करीत असे. आतून झटापटीचा व ओरडण्याचा आवाज आला. मल्ल धावत गेले, तेव्हा ब्रोडीच्या शरीरावर चाकूचे वार झालेले होते. वैद्यकीय मदत पोहोचून त्याला रुग्णालयात हलविण्यास बराच वेळ गेला. १७ जुलै रोजी पहाटे त्याचा मृत्यू झाला.

गोन्साल्येसवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. आपण स्वसंरक्षणार्थ वार केल्याचे त्याने सांगितले आणि जानेवारी १९८९ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. त्या रात्री हजर असलेले टोनी ॲटलस, डच मँटेल प्रभृती अमेरिकन मल्ल या खटल्यात साक्षीस आले नाहीत. न्यायालयाचे समन्स खटला आटोपल्यानंतर आपल्या हाती पडले, असे मँटेलने पुढे सांगितले. स्नानगृहातील संभाषण नेमके कशावरून झाले, याविषयी व्यवसायात अनेक तर्क प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणताही न्यायालयात सिद्ध झालेला नाही. व्यवसायातील गुपिते बाहेर फोडावयाची नाहीत, हा मल्लांचा जुना दंडक होता. काही मल्लांना तर ब्रोडीवर हल्ला झाल्याचे कळले, तेव्हा हा मैदानासाठी रचलेला एखादा नवा प्रसंग असावा असेच प्रथम वाटले.

योगायोग असा, की खटल्याच्या निकालानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, वर्ल्ड रेस्लिंग फेडरेशनने राज्य क्रीडा आयोगाच्या नियंत्रणातून सुटण्यासाठी न्यू जर्सी राज्याच्या सीनेटपुढे आपली कुस्ती ही स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. ज्या गुपितासाठी मल्ल पिढ्यान्‌पिढ्या तोंड मिटून राहिले, ते अशा प्रकारे सरकारदरबारी नोंदले गेले. मल्लांची कायदेशीर स्थिती मात्र बदलली नाही. एका संस्थेशी वर्षानुवर्षे करारबद्ध असलेले मल्लही अमेरिकेत सामान्यतः नोकर न मानता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून नोंदले जातात. ब्रोडी ज्या अर्थाने स्वतंत्र होता, त्या अर्थाने ते स्वतंत्र नसतात. त्याला वाटेल तेव्हा उठून जाता येई.

‘रेस्लिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्राने उत्कृष्ट झुंजार मल्लासाठी असलेल्या आपल्या वार्षिक पुरस्कारास ब्रोडीचे नाव दिले व १९९६ मध्ये आपल्या पहिल्या सन्मानयादीत त्याचा अंतर्भाव केला. वर्ल्ड रेस्लिंग फेडरेशनची उत्तराधिकारी संस्था ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ हिने २०१९ मध्ये त्याला मरणोत्तर सन्मान दिला.